लाडवांच्या खोक्यातली संसद

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीत दरवर्षी काही ना काही स्पर्धा असतात. पाककृती, रांगोळी, संगीत खुर्ची. यंदा मंडळाची पोरं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचात ना, काहीतरी वेगळं सुचवा." मी रात्रशाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. समोर बसलेले विद्यार्थी दिवसभर हमाली करून, कपबशा विसळून, कुरिअर पोचवून आलेले असायचे. नागरिकशास्त्राचा तास शेवटचा, साडेनऊचा. त्या तासाला निम्मे पेंगायचे आणि उरलेले निम्मे असे प्रश्न विचारायचे की माझी झोप उडायची. ते आठवलं आणि पोरांना म्हटलं, एक पेटी ठेवा.

पेटी कुठली? मोतीचुराच्या लाडवांचा रिकामा खोका घेतला, ब्लेडने वरून फट पाडली आणि बाहेर कागद चिकटवला: 'संसदेत काय बदलायला हवं? चार ओळींत लिहा. नाव नको.' मला वाटलं, दहा-पंधरा चिठ्ठ्या आल्या तरी पुष्कळ. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री खोका उघडला तर साठाच्या वर निघाल्या. सगळ्यांना तुपाचा वास. कुणी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं, कुणी औषधाच्या बिलामागे. एक तर वाण्याच्या यादीच्या पाठीवर होती. पुढे 'साबुदाणा अर्धा किलो, गूळ, कापूर' आणि मागे 'पक्षांतर करणाऱ्याला दहा वर्षं बंदी.'

आज त्या चिठ्ठ्यांबद्दल बोलतो.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कशावर असतील? थाळीवर. संसदेच्या कॅन्टीनमधली स्वस्त थाळी बंद करा. खालोखाल लाल दिवा. आता गंमत बघा, कॅन्टीनचं अनुदान जानेवारी २०२१ मध्येच बंद झालं. लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले, म्हणजे नेमके महाराष्ट्र दिनी. खासदाराच्या शिफारशीवर केंद्रीय विद्यालयात दहा मुलांना प्रवेश मिळायचा, तो कोटाही २०२२ मध्ये गेला. तरी राग तसाच आहे. मला यात लोकांची चूक वाटत नाही. स्वस्त थाळी डोळ्यांसमोर आणता येते. आपण वडापावला किती देतो ते माहीत असतं, त्यामुळे तुलना लगेच होते. संसदीय समितीकडे न जाताच मंजूर झालेलं विधेयक कसं दिसतं, ते कुणाच्या डोळ्यांसमोर येणार?

पेन्शनच्या चिठ्ठ्या मात्र मी बाजूला काढून ठेवल्या, कारण तिथे राग जागेवर आहे. खासदारांना पेन्शन सुरू झालं १९७६ साली. आज माजी खासदाराला महिन्याला ३१,००० रुपये मिळतात आणि पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षामागे २,५०० रुपये आणखी. आधी आमदार आणि मग खासदार झाला असेल, तर दोन्हीकडचं. आता आमच्या चाळीकडे या. इथे गिरणीत, कारखान्यात उभा जन्म गेलेली माणसं आहेत. त्यांना भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून जे पेन्शन मिळतं, त्याची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे. एका चिठ्ठीवर फक्त दोन आकडे होते, एकाखाली एक, मध्ये रेघ. बाकी एक अक्षर नाही. मी पेपर तपासत असतो तर पैकीच्या पैकी दिले असते.

हे पेन्शन बंद करा म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा धोरणाचा विषय आहे, तो संसदेने ठरवायचा. पंजाबने २०२२ मध्ये आमदारांपुरता एक मार्ग काढला: कितीही वेळा निवडून या, पेन्शन एकच. म्हणजे मनात आणलं तर करता येतं.

आता एका चिठ्ठीशी माझं भांडण आहे, ते सांगतो. 'खासदारांना पगारच देऊ नका. सेवा म्हणून करायचं असेल तर करा.' ऐकायला छान वाटतं. अशा वाक्याला सभेत हमखास टाळ्या पडतात. पण ही व्यवस्था एकदा होऊन गेलेली आहे. १८९२ साली आपले दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले आणि ब्रिटिश पार्लमेंटात बसले. तेव्हा तिथल्या खासदाराला छदाम पगार नव्हता. परिणाम काय? जमीनदार, कारखानदार, बडे वकील, ज्यांची चूल पार्लमेंटवर अवलंबून नाही असेच लोक बहुतेक तिथे. म्हणून तिथल्या कामगारांनी १८३८ च्या आपल्या सनदेत ज्या सहा मागण्या केल्या, त्यातली एक अशी होती की खासदाराला पगार द्या. हो, द्या! ती मान्य व्हायला १९११ साल उजाडलं, वर्षाला ४०० पौंड. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये आणि कामाच्या दिवसाला २१ रुपये भत्ता ठरला. पगार काढून घेतला तर उद्या माझ्या रात्रशाळेतला हमाल कुठल्या बळावर उभा राहणार? डिपॉझिट भरता भरताच त्याच्या नाकी नऊ येतील. तेव्हा पगार असावा, चांगला असावा. आज तो महिना १,२४,००० रुपये आहे, शिवाय मतदारसंघाचा आणि कार्यालयाचा भत्ता. देशाचे कायदे करणाऱ्याला एवढा पगार मला जास्त वाटत नाही. हे बोलल्यावर चाळीत दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही, ते सोडा.

मला खटकतं ते वेगळंच. हा पगार ठरवतं कोण? घटनेच्या १०६ व्या कलमात उत्तर आहे: संसद. म्हणजे घेणारे तेच आणि ठरवणारेही तेच. तुमच्या हाउसिंग सोसायटीत सेक्रेटरीला मानधन द्यायचं झालं तरी सर्वसाधारण सभेत ठराव आणावा लागतो. मग कुणीतरी काका उठतात, गेल्या वर्षी टाकी किती वेळा धुतली ते विचारतात, आणि तो विषय रात्री अकरापर्यंत चालतो. छळ असतो तो, मला कबूल आहे, पण हिशेब होतो. २०१८ पासून खासदारांचा पगार दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढेल अशी सोय झाली. तेवढं बरं झालं. पण पायाचा आकडा त्यांचाच आणि सोयही त्यांनीच केलेली. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाच्या बिलांचा बभ्रा झाल्यावर २००९ साली एक स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. पगार-भत्ते आता ते ठरवतं आणि बिलं लोकांसमोर मांडतं. आपल्याकडे सगळ्यांत आधी हे व्हायला हवं. आकडा कितीही असू दे, तो दुसऱ्या कुणीतरी लिहावा.

एक चिठ्ठी शाळकरी अक्षरातली होती. 'त्यांना हजेरी लावा आणि सुट्ट्या कमी करा.' बाळा, हजेरी आहे. रोजचा २,५०० रुपयांचा भत्ता हवा असेल तर हजेरी नोंदवावी लागते. सलग साठ दिवस परवानगीशिवाय गैरहजर राहिलं तर जागा रिकामी झाल्याचं सभागृह जाहीर करू शकतं, अशीही तरतूद आहे. पण सुट्ट्यांचा मुद्दा पोराने बरोबर पकडलाय. १९५२ ते ५७ च्या पहिल्या लोकसभेचं कामकाज ६७७ दिवस चाललं. २०१९ ते २०२४ ची सतरावी लोकसभा २७४ दिवस बसली. वर्षाला सरासरी पंचावन्न. आठवीच्या पोराची शाळा कायद्याने वर्षाला २२० दिवस भरावी लागते! त्या सतराव्या लोकसभेत विधेयकांपैकी जेमतेम १६ टक्के समित्यांकडे गेली. आणि समितीत तर खरं काम होतं. तिथे कॅमेरा नसतो, त्यामुळे ओरडायचं कारण नसतं. तिथे बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, तुमच्या-माझ्यासारखाही लेखी म्हणणं पाठवू शकतो. वर्षातून अमुक इतके दिवस संसद भरलीच पाहिजे, असं आपल्या घटनेत कुठेच नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, एवढंच आहे.

आता ती साबुदाण्याच्या यादीमागची चिठ्ठी. पक्षांतर करणाऱ्याला दहा वर्षं बंदी. ही लिहिणाऱ्या माउलीचा संताप मी समजू शकतो. जून २०२२ नंतर महाराष्ट्राने जे पाहिलं ते आपण टीव्हीवर पाहिलं नाही, ते आपल्या गल्लीत घडलं. लालबाग-परळात एकाच घरातले दोन भाऊ दोन शाखांत गेले. अपात्रतेच्या याचिकांचा निकाल विधानसभा अध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये दिला, दीड वर्षाने. अपात्र कुणीच ठरलं नाही, ना या गटाचा, ना त्या. ज्याने निवाडा द्यायचा तो स्वतःच एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो, हे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाचं, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याचं, मूळ दुखणं. ते काम तटस्थ यंत्रणेकडे जावं, यावर पेटीतल्या पाच-सहा चिठ्ठ्या आणि मी एकमताचे आहोत.

पण याच कायद्याची दुसरी बाजू कुणीच लिहिली नव्हती, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

पक्षांतरबंदी आली १९८५ साली, बावन्नाव्या घटनादुरुस्तीने. आयाराम-गयाराम थांबवायचे होते. हेतू चांगला होता. पण त्यात एक कलम असं बसलं की पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मत कसं द्यायचं या पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं तरी सदस्यत्व जाऊ शकतं. सरकार पाडायच्या ठरावापुरतं हे असतं तर मी समजलो असतो. ते सरसकट सगळ्याला लागू आहे. मच्छीमारांबद्दलचं विधेयक असो, भाडेकरूंबद्दलचं असो की आरोग्याबद्दलचं, पक्षाने व्हिप काढला की मत पक्षाचं. मागे वर्गात हे शिकवत असताना शेवटच्या बाकावरचा एकजण उठला. दिवसा तो गोदीत काम करायचा. म्हणाला, "सर, म्हणजे मी त्याला मत देणार, आणि तो तिथे मत पार्टीचं देणार?" मी म्हटलं, हो. "मग मी माझं गाऱ्हाणं त्याला का सांगायचं? सरळ पार्टीच्या ऑफिसात जातो की." वर्ग हसला. मी फळ्याकडे वळलो, कारण मला उत्तर सुचत नव्हतं.

आजही तेच म्हणतो. आपण खासदाराच्या गाडीकडे, बंगल्याकडे, फुकटच्या विमान तिकिटांकडे बघत बसलो आणि त्याच्याकडे जे असायलाच हवं होतं, स्वतःच्या बुद्धीने मत द्यायचा अधिकार, ते काढून घेतल्याचं आपल्याला कळलंच नाही. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं की व्हिप मोडल्याची शिक्षा विश्वास-अविश्वास ठराव, अर्थविधेयक आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरचा आभाराचा ठराव एवढ्यापुरतीच ठेवा. विधी आयोगानेही पुढे १९९९ मध्ये असाच सूर लावला. कागद तसाच पडून आहे. कुठलाही पक्ष तो उचलत नाही, कारण हाताखालचे तीनशे लोक डोकं चालवायला लागलेले कुठल्या नेत्याला आवडतील? आणि खाजगी विधेयक आणून एखाद्या खासदाराने प्रयत्न करावा म्हटलं, तर त्यासाठी शुक्रवारी दुपारचे दोन-अडीच तास. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी चौदा विधेयकं मंजूर झाली, शेवटचं १९७० साली. तेव्हा मी विजारीला नाडी बांधायला शिकत होतो.

'विशेषाधिकार रद्द करा' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या बऱ्याच चिठ्ठ्या निघाल्या. लिहिणाऱ्यांना म्हणायचं होतं सवलती. टोलमाफी वगैरे. पण विशेषाधिकार ही संसदेच्या भाषेत वेगळीच चीज आहे. पेपरात तुम्ही 'हक्कभंग' वाचता ना, तो त्याच घरातला. सभागृहात बोलल्याबद्दल सदस्यावर खटला चालत नाही, ते योग्यच. पण बाहेरच्या माणसाने सभागृहाचा अवमान केला असं सभागृहाला वाटलं, तर सभागृह त्याला बोलावू शकतं, समज देऊ शकतं, तुरुंगातही टाकू शकतं. या मुंबईनेच ते भोगलंय. १९५२ मध्ये 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे होमी मिस्त्री यांना मुंबईत राहत्या घरून अटक झाली आणि थेट लखनौला नेलं, कारण उत्तर प्रदेशच्या विधानसभेचा हक्कभंग झाला होता. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हा कुठल्याही खिसेकापूला असलेला हक्क, तो त्यांना मिळाला नाही. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सोडवलं. १९६१ मध्ये त्याच साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांना खासदार आचार्य कृपलानींवरच्या एका लेखासाठी लोकसभेत आरोपीसारखं उभं करून समज दिली गेली.

आणि हे अधिकार नेमके कोणते, याची यादी कुठे आहे? कुठेच नाही. घटनेच्या १०५ व्या कलमात म्हटलंय की संसद ते कायद्याने ठरवेल, आणि तोवर ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सला होते ते लागू. १९७८ च्या दुरुस्तीत हाऊस ऑफ कॉमन्सचं नाव गाळलं, आशय ठेवला. ते 'तोवर' अजून संपायचंय. गुन्हा कोणता ते आधी सांगायचं नाही आणि शिक्षा मात्र द्यायची. आमच्या चाळीत असा एक घरमालक होता.

याच १०५ व्या कलमाच्या आडोशाने १९९८ मध्ये एक विचित्र निकाल लागला होता. खासदाराने लाच घेतली आणि ठरल्याप्रमाणे सभागृहात मत दिलं, तर त्याला संरक्षण. लाच घेऊन मत दिलंच नाही, तर मात्र खटला! म्हणजे लाच खा, पण शब्दाला जागा. तो निकाल ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने पुसून टाकला. पंचवीस-सव्वीस वर्षं लागली.

बाकी चिठ्ठ्या भराभर सांगतो. खासदार निधी बंद करा: पाच कोटी वर्षाला, आणि आपल्या नजरेला पडतात ती 'यांच्या निधीतून' लिहिलेली बाकडी. निधी गेला तर मला वाईट वाटणार नाही, बाकडी महापालिकेनेही बसवावीत. खासदाराला परत बोलवायचा अधिकार द्या: ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने आहे, पण खासदाराला शिक्षा किंवा निलंबन झालं तरच, आणि मग सहा आठवड्यांत दहा टक्के मतदारांच्या सह्या. मुंबईच्या एका मतदारसंघात दहा टक्के म्हणजे दीड लाखाच्या आसपास. त्या खऱ्या की खोट्या ते तपासणार कोण, आणि हरलेला उमेदवार निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सह्यांचं टेबल टाकणार नाही कशावरून? मी अजून कुंपणावर आहे. एकाने लिहिलं होतं, 'सगळे बदला.' ठीक आहे.

पोरांनी विचारलं, आता या चिठ्ठ्यांचं काय करायचं? विसर्जन? तेव्हा मी त्यांना नाना शंकरशेटांची गोष्ट सांगितली. २६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बॉम्बे असोसिएशन उभी राहिली. नाना, भाऊ दाजी, दादाभाई ही मंडळी त्यात. त्यांनी काय केलं, तर लंडनच्या पार्लमेंटला एक अर्ज पाठवला: कायदे करणाऱ्या मंडळात आमची माणसं घ्या. पुढच्या वर्षीच्या कायद्याने मंडळ झालं, पण त्यात एकही हिंदी माणूस नव्हता. अर्ज चालू राहिले. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाची बैठक आपल्या टाऊन हॉलमध्ये भरली, तेव्हा नाना शंकरशेट तिचे सदस्य होते. हे करताना त्यांच्यापैकी कुणाला मताचा अधिकारसुद्धा नव्हता.

अर्जाची ती वाट आजही आहे. लोकसभेची विनंती अर्ज समिती असते. तिच्याकडे कुठलाही नागरिक जाऊ शकतो, पण अर्ज सभागृहात मांडला जायचा असेल तर त्यावर एका खासदाराची सही लागते. ब्रिटनमध्ये एक लाख लोकांनी इंटरनेटवर सह्या केल्या की अर्जाचा चर्चेसाठी विचार होतो. आपल्याकडे एकच सही, पण ती खासदाराची.

तेव्हा चिठ्ठ्यांतून चार मागण्या निवडून अर्ज लिहिला. पगार स्वतंत्र यंत्रणेने ठरवावा, कामकाजाचे किमान दिवस ठरावेत, व्हिपची शिक्षा आखडावी, विशेषाधिकारांची लेखी यादी व्हावी. आणि गेल्या आठवड्यात एका खासदारांच्या कार्यालयात गेलो. बाहेर बाकावर रांग. माझ्या पुढे माझाच एक जुना विद्यार्थी, हातात पीएनआर लिहिलेला कागद. आईला गावी न्यायचं होतं, दुसऱ्या दिवशीची कोकणकन्या, वेटिंग एकोणीस. साहेबांचं पत्र मिळालं तर कोट्यातून कन्फर्म होईल. त्याच्या कागदावरचं अक्षर मी ओळखलं. लाडवांच्या खोक्यात 'व्हीआयपी कोटा बंद झालाच पाहिजे' असं याच अक्षरात होतं, खाली दोन रेघा मारून. त्याला कळलं की मला कळलं. म्हणाला, "सर, आईचे गुडघे..." मी म्हटलं, "अरे, बस. आधी तुझं होऊ दे."

माझा नंबर आला. टेबलावरच्या मुलाने रजिस्टर पुढे ओढलं. नाव, पत्ता, मोबाइल, कामाचं स्वरूप.

"काम काय, काका? रेल्वे, हॉस्पिटल की अ‍ॅडमिशन?"

"संसदेत सुधारणा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, पेनचं टोपण दाताखाली धरून जरा विचार केला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'इतर'.

मंगळवारी साडेअकराला बोलावलंय.

नमस्कार.